तिले भेटलं, तं मले काहून नाही?

घरकुलाची यादी वाचून झाली की आमच्या वऱ्हाडातल्या ग्रामसभेत एक प्रश्न हमखास उठतो, "तिले भेटलं, तं मले काहून नाही?" म्हणजे, तिला मिळालं, तर मला का नाही? बहुतेकदा तो मागे उभी असलेली एखादी बाई विचारते. समोरच्या खुर्च्यांवरून उत्तर येतं की हिला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. किंवा, पुढच्या यादीत पाहू. आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. माझ्या मते आपल्या लोकशाहीत विचारला जाणारा हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. तो हेवा समजून उडवून लावला जातो याची मला चीड येते.

ती बाई घर मागते आहे हे खरंच, पण घरासोबत ती कारणही मागते आहे. दोघींची घरं कुडाची, दोघी मजुरीला जाणाऱ्या. मग दोघींत तुम्ही जो फरक केला तो कशावर उभा आहे ते सांगा, आणि जे सांगाल ते उद्या तिसरीलाही लावा. संविधानाचं समानतेचं १४ वं कलम याहून वेगळं काही सांगत नाही. सरकारला माणसांचे गट पाडता येतात, पण ज्या फरकावर गट पाडला तो स्पष्ट दिसला पाहिजे आणि योजनेच्या हेतूशी त्याचा संबंध असला पाहिजे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयानं १९५२ साली पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या खटल्यात लावली. १९७३ च्या रोयप्पा खटल्यात तर समानता आणि मनमानी यांचं हाडवैर आहे, अशा अर्थाचं न्यायालय बोललं. निकालपत्राची भाषा आणि त्या बाईची वऱ्हाडी, दोन्हींचा आशय एकच आहे.

निर्णयांत सुसंगती असावी, हा आग्रह गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त लागतो. ज्याचा फोन तालुक्याला उचलला जातो, त्याला कारण विचारायची गरज पडत नाही. त्याचं काम कारणाशिवाय होतं. ज्याच्यामागे जात नाही, पैसा नाही, पुढारी नाही, त्याच्या हाती एकच गोष्ट असते. समोरच्यानं काल जे बोललं, तेच आज त्याच्यापुढे ठेवायचं. काल तुम्ही म्हणालात कुडाचं घर असेल तर नाव लागतं, माझं घर कुडाचं आहे, लावा नाव. या तीन वाक्यांपुढे पंचायतीला एक तर नाव लावावं लागतं, नाही तर कारण बदलावं लागतं. आणि कारण चारचौघांत बदलणं, तेही वहीत लिहून, फार अवघड असतं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी कारण लिहिलंच जात नाही. "चर्चेअंती यादी मंजूर" एवढं लिहून ठराव संपतो.

"हे तर्काचं वगैरे शहरातल्या शिकलेल्यांना शोभतं, गाव नात्यागोत्यावर चालतं," असं म्हणणारे भेटतात. त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन आठवावं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस कीर्तनात उपदेश थोडा करी, प्रश्न फार विचारी. समोरची माणसं उत्तर देत जात आणि तीन-चार उत्तरांनंतर आपल्याच बोलण्यात सापडत. नवसाला बोकड कापणं, ऋण काढून सण करणं, शिवाशीव, या सगळ्यांवर बाबांचा मार याच रीतीनं चाले : तू हे मानतोस ना, मग ते कसं करतोस? विसंगती दाखवून माणसाला शहाणं करायची ही रीत वऱ्हाडच्या मातीतलीच आहे. कुठल्या विद्यापीठानं ती आमच्याकडे पाठवलेली नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो. सगळ्यांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला, अशी एक सोपी समजूत आहे आणि ती विदर्भाला फार महागात पडली आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल तर उरलेले ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट. काही अवर्षणप्रवण जिल्ह्यांसाठी ही सूट २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जे जास्त ते. वरवर पाहता यात पक्षपात कुठेच नाही. सगळ्या देशाला एकच रेघ. पण कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारे चार एकर आणि यवतमाळच्या मुरमाड माळावर पावसाच्या भरवशावर पऱ्हाटी (कापूस) लावलेले आठ एकर, यांत मोठा शेतकरी कोण? रेघेच्या हिशेबानं आठ एकरवाला मोठा. त्याला सूट पाव हिश्श्याची, आणि तीही उरलेले तीन हिस्से भरण्याची ऐपत असेल तर. ज्याच्याकडे ती ऐपत असती, तो थकबाकीत गेला असता का?

ज्या सरकारनं ही रेघ ओढली, त्याच सरकारनं दोनच वर्षं आधी, २००६ च्या जुलैत, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा. का? तर इथली शेती कोरडवाहू आहे, सिंचन नाही, शेतकरी कर्जानं पिचून जीव देतो आहे. म्हणजे जमिनीचा आकार आणि शेतकऱ्याची ऐपत यांचं इथं जमत नाही, हे २००६ साली मान्य होतं. मग २००८ साली आकार हीच ऐपतीची खूण कशी ठरली? या विसंगतीचा हिशेब तेव्हा विधानसभेत आणि लोकसभेत चिकाटीनं मागायला हवा होता. पॅकेज किती मोठं आणि माफी किती कोटींची यावर भाषणं खूप झाली. दोन निर्णयांमागची कारणं एकमेकांशी भांडतात, हा मुद्दा आकड्यांच्या गोंगाटात मागे पडला.

अतिवृष्टीचंही तसंच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. नाल्याच्या अलीकडचं वावर एका मंडळात, पलीकडचं दुसऱ्यात. ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. दोन्हीकडची तूर सारखीच पाण्याखाली असते, पण अलीकडच्या गावाचे पंचनामे लगेच सुरू होतात आणि पलीकडच्या गावाला तहसीलवर निवेदनं घेऊन जावं लागतं. इथं नियम सर्वांना सारखा आहे, मोजमापही खोटं नाही. तरी सारख्या नुकसानीला सारखी वागणूक मिळाली नाही, कारण मोजायचं होतं पिकाचं नुकसान आणि मोजला गेला लांबच्या मापकातला पाऊस. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तर मदत, ही दुसरी अट शेतात जाऊन पाहायची आहे. ती आधी पाहिली तर नाल्याच्या दोन्ही काठांना एकच न्याय मिळेल.

घरकुलाच्या अटींत तर एक खातं दुसऱ्याला खोटं पाडतं. पीककर्ज घ्या, किसान क्रेडिट कार्ड काढा, सावकाराच्या दारात जाऊ नका, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं. शेतकऱ्यानं ऐकलं. आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीत अट निघाली की कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर नाव बाद. कर्ज मिळालं हीच सुबत्तेची खूण ठरली. दुचाकीचीही अशीच अट होती. एसटी न येणाऱ्या गावात जुनी मोटारसायकल ही चैन मानली गेली. २०२४ मध्ये दुचाकीची अट काढली, हे चांगलं झालं. सुसंगती म्हणजे हट्ट नव्हे; चुकीची अट बदललीच पाहिजे. पण मग त्याच अटीवर आधी बाद झालेल्यांची नावं पुन्हा तपासणं ओघानंच येतं. आपल्या गावात ती तपासली गेली का, हे प्रत्येकानं विचारून घ्यावं.

एवढ्या वेळ मी सरकारबद्दल बोललो. पण लोकशाही म्हणजे बहुमत, आणि बहुमतानं ठरलं की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांनाही एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. बहुमत स्वतःच विसंगत असू शकतं, आणि त्यासाठी कुणी लबाडी करावी लागत नाही.

समजा, तीन जणांच्या समितीला एका बाईचं नाव ठरवायचं आहे. नियम असा की घर कच्चं हवं आणि ती भूमिहीन हवी. दोन्ही असेल तरच पात्र. पहिला सदस्य म्हणतो, घर कच्चं आहे, जमीनही नाही, म्हणून पात्र. दुसरा म्हणतो, घर कच्चं आहे, पण सासऱ्याच्या सातबारावर तिचा हक्क लागतो, म्हणून अपात्र. तिसरा म्हणतो, जमीन नाही हे खरं, पण एक भिंत विटांची आहे, घर कच्चं म्हणता येत नाही, म्हणून अपात्र. तिघंही आपापल्या जागी प्रामाणिक, तिघांचंही बोलणं आतून जुळणारं. आता मतं मोजा. घर कच्चं आहे? दोन विरुद्ध एक, होय. भूमिहीन आहे? दोन विरुद्ध एक, होय. पात्र आहे? दोन विरुद्ध एक, नाही. म्हणजे समिती त्या बाईला सांगते की तुझं घर कच्चं आहे हे आम्हाला मान्य, तू भूमिहीन आहेस हेही मान्य, अशा बाईला घर मिळावं हा नियमही मान्य, आणि तुला घर नाही.

हा केवळ कोड्याचा खेळ नाही. बहुमताच्या अशा गुंत्यांकडे फ्रान्सचा गणितज्ञ कोंडोर्से यानं १७८५ सालीच लक्ष वेधलं होतं. वर सांगितलेल्या प्रकाराबद्दल क्रिस्टियन लिस्ट आणि फिलिप पेटिट या अभ्यासकांनी २००२ साली गणितानं सिद्ध केलं की काही साध्या, वाजवी अटी पाळायच्या म्हटल्या तर मतं एकत्र करण्याची कोणतीही रीत या पेचातून दर वेळी सुटेलच असं होत नाही. आपल्या गावाच्या दृष्टीनं यातला महत्त्वाचा भाग असा : उत्तर काय येणार हे मतांइतकंच, प्रश्न कोणता टाकला यावर ठरतं. सरपंचानं "ही बाई पात्र आहे का, हात वर करा" असं विचारलं तर ती पडते. एकेका अटीवर हात वर करायला लावले तर ती निवडून येते. प्रश्न मांडण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकालाचा मोठा वाटा जातो, आणि हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी अटीवार मतदानाच्या बाजूचा आहे. त्यात चूक होणारच नाही असं नाही. पण चूक कुठे झाली ते दिसतं, आणि त्या विटांच्या भिंतीवर बोट ठेवून बाईला वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. "हात कमी पडले" या उत्तराविरुद्ध दाद कुठे मागणार?

मतं मोजण्याच्या नियमांतही हाच गोंधळ आहे. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावाचा आराखडा पंचवीस माणसांत मंजूर होऊ शकतो. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मात्र बायकांना आधी सह्या गोळा कराव्या लागतात, मग गुप्त मतदान होतं, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. यादीत ६०० नावं असतील तर ३०१ मतं हवीत. चारशे बाया मतदानाला आल्या, २९० आडव्या बाटलीला, ११० उभ्या बाटलीला, तरी दुकान चालू राहतं. ज्या विटभट्टीवर गेल्या, ज्या बाळंतपणाला माहेरी आहेत, ज्या वारल्या आणि नाव यादीतून निघालं नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्या गेल्या. आमदार, खासदार, सरपंच यांपैकी कुणाला निवडून येताना यादीतल्या निम्म्या मतदारांची मतं लागतात? कुणालाच नाही.

परवानाधारकाचं पोट त्या दुकानावर आहे, म्हणून अट कडक हवी, असा युक्तिवाद होतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्यावर कुणाचं पोट आहे त्याला हात लावताना निम्म्या यादीची संमती हवी, हे तत्त्व एकदा मानलं तर ते सगळीकडे चालवा. गायरानावरून शेळ्या-मेंढ्यावाल्याला हटवताना किती मतं मोजली? दुकान सुरू होताना यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांचं गुप्त मतदान कुणी घेतलं? एकाच कामापुरतं तत्त्व काढायचं आणि काम झालं की ठेवून द्यायचं, यात दरवेळी हरणारी बाजू तीच का असते हे पाहावं.

एक आक्षेप मला मनापासून छळतो. नियमाला चिकटलं की माया सुटते, असा तो आहे. नवरा गेला, फेरफार झाला नाही, कागद सासऱ्याच्या नावे, आणि सासरा बोलत नाही, अशी बाई नियमात बसत नाही. गावाला वाटतं हिला द्यावं. तर द्यावं, नक्की द्यावं. फक्त लिहून द्यावं, "वारस नोंद प्रलंबित असल्यानं कागदाची अट शिथिल केली." मग पुढच्या वर्षी तशीच दुसरी बाई आली, ती विरोधी पार्टीच्या घरातली असली, दुसऱ्या जातीची असली, तरी तिलाही तेच लागू होतं. कारण लिहिल्यावर माया एकीपुरती राहत नाही, तिच्यासारख्या सगळ्यांना पुरते. न लिहिलेली माया नेहमी आपल्याच माणसांकडे वळते, असा गावाचा अनुभव आहे.

आणि आता आपल्या घरातलं. विदर्भाची मुंबईविरुद्धची तक्रार मुळात सुसंगतीचीच आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं जे कबूल केलं ते पाळा. संविधानाच्या ३७१(२) कलमात विकास मंडळं आणि निधीच्या समन्यायी वाटपाबद्दल जे लिहिलं ते करा. दांडेकर समितीनं १९८४ साली अनुशेष काढला, तोही याच पायावर. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा जितका, तितका त्याचा अनुशेष. सगळ्या राज्याचा मिळून तो ३,१८६ कोटींचा भरला. त्यासाठी नेमलेली विकास मंडळं १९९४ ला आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. या सगळ्यावर आपण पोटतिडकीनं बोलतो आणि ते बरोबरच आहे.

पण हीच मोजपट्टी गावाच्या हद्दीत लावून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागात गावठाणापासून दूर कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. ग्रामपंचायत एकच, मतदार यादी एकच, निधीही एकाच खात्यात येतो. गावठाणात नळ, सिमेंटचा रस्ता, दिवे. पोडावर वाट पांदणीची, आणि उन्हाळ्यात पाण्याला पायपीट. सरपंचाला विचारलं की तो म्हणतो, तिथं वस्ती कमी, खर्च परवडत नाही, त्यांचे सदस्य किती? हेच वाक्य मुंबईत कुणी विदर्भाबद्दल बोललं असतं तर आपण रस्ता अडवला असता. वस्ती विरळ, आमदार कमी, खर्च जास्त, हे कारण विदर्भाच्या बाबतीत अन्याय ठरतं आणि पोडाच्या बाबतीत व्यवहार ठरतं, असं दोन्ही एकदम धरता येणार नाही. जलजीवन मिशनचं माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप गावठाण आणि पोड असा भेद करत नाही. भेद आपण करतो.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच इशारा दिला होता. २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करतो आहोत, राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य आणि समाजात, अर्थकारणात मात्र विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेनं पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील. त्या भाषणात त्यांनी दाखवलेला दोष अजून आपल्या ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये सापडतो.

वेगळं करता येतं याचा दाखला लांब नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं बहुमतानं निर्णय न घेता सर्वसहमतीची वाट धरली. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत बसायचं, एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि त्याचं कारण ऐकायचं. वेळ लागतो. पण २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ ला बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, ते अशाच बसण्यातून आलेल्या बळावर. प्रत्येक गावाला सर्वसहमती झेपेल असं मला वाटत नाही. पाच हजार वस्तीच्या, चार पार्ट्यांच्या गावात तर नाहीच. कारण लिहिणं मात्र कुठल्याही गावाला झेपतं. बाद झालेल्या प्रत्येक नावापुढे कोणत्या अटीवर बाद ते लिहावं, आणि पुढच्या सभेच्या सुरुवातीला ते पान मोठ्यानं वाचावं. एवढं लिहायला वेळ कुठून आणायचा, असं ग्रामसेवक म्हणेल. पन्नास नावांना पन्नास ओळी लागतात. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सुरुवात पोडाच्या नळापासून करावी. गावठाणाला नळ कोणत्या कारणानं दिला ते एका ओळीत लिहावं, आणि ते कारण पोडाला का लागत नाही हे त्याच्याच खाली, सरपंचाच्या सहीनिशी, लिहून दाखवावं.